नसलेल्या पायातलं जोडवं

सकाळी वॉर्डात शिरलं की पांघरुणावरूनच मला कळतं. ज्याचा पाय काढलाय त्याचं पांघरूण गुडघ्यापर्यंत उंच असतं आणि तिथून पुढे एकदम सपाट होतं. भेटायला आलेली माणसं बोलतात रुग्णाशी, पण बघतात त्या सपाट जागेकडे. रुग्णाला ते कळतं. मग तो तिथे एखादी उशी ठेवून घेतो, नाहीतर चादरीचा बोळा करून ती जागा भरून टाकतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात, एका सरकारी रुग्णालयात मी चोवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. आमच्याकडे हात जातात ते कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात आणि गुऱ्हाळाच्या चरकात. पाय जातात ते मोटारसायकलच्या अपघातात, शुगरच्या जखमा चिघळून, किंवा वर्षानुवर्षांच्या विडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून. सर्जनचं काम बरंचसं संपतं तिथे माझं सुरू होतं. सूज उतरवायची, उरलेल्या भागात ताकद आणायची, कुबडीवर उभं करायचं, कृत्रिम पायावर चालायला शिकवायचं. हे सगळं मी कॉलेजात नीट शिकले होते. एक गोष्ट मात्र मला रुग्णांनीच शिकवली, आणि ती शिकायला मी उशीर केला.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका वॉर्डात होते. शुगरमुळे उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "ताई, अंगठा फार ठणकतोय हो."

"डाव्या पायाचा?"

"नाही. उजव्या."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. धीर द्यायचा म्हणून हसून म्हणाले, "काका, तो पायच आता नाही, मग दुखेल कसा? मनातून काढून टाका बघू."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. सांगेन तो व्यायाम केला. मी माझ्या नोंदवहीत लिहिलं: वेदनेची तक्रार नाही.

दीड महिन्यानं ते तपासणीला आले तेव्हा बरोबर काकू होत्या. काका ड्रेसिंगला आत गेले आणि काकूंनी मला बाजूला घेतलं. "रात्री दोन-दोन वाजता उठून बसतात. पाय नाही तिथली गादी दाबत राहतात. घरातले उठू नयेत म्हणून तोंडात टॉवेलचा बोळा घालतात. म्हणतात, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणाला सांगू नकोस. पायच नाही तर दुखेल कसा, असं तुम्हीच म्हणालात ना त्यांना?"

मला काय बोलावं सुचेना. परीक्षेत याच विषयावर मी पाच मार्कांची टीप लिहिली होती. फँटम लिंब, म्हणजे नसलेला अवयव जाणवणं: व्याख्या, कारणं, उपचार. मार्कही चांगले मिळाले होते. पण तीच गोष्ट 'अंगठा ठणकतोय' या शब्दांत समोर आली तेव्हा मला ती ओळखताच आली नाही.

काका बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, "काका, मी चुकले. तुमचा अंगठा दुखतो ते खरं आहे. हात-पाय काढलेल्या बहुतेक माणसांना तो अजून जागेवर असल्यासारखा वाटतो, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना तो दुखतो. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्या दिवशी औषध दिलं नव्हतं, कुठलं यंत्रही लावलं नव्हतं. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "दुखणं आहे तेवढंच आहे ताई. पण आता भीती नाही." त्यांची झोप सुधारली, आणि झोप सुधारल्यावर दुखणंही थोडं खाली आलं. तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

अवयव काढल्यावर तीन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली म्हणजे उरलेल्या भागाचं, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, त्याचं दुखणं. तिथे जखम चिघळलेली असू शकते, हाडाचं टोक टोचत असू शकतं, कृत्रिम पायाची वाटी चुकीच्या जागी घासत असू शकते, किंवा कापलेल्या नसेच्या टोकाला बारीक गाठ धरलेली असू शकते. तिच्यावर बोटानं टिचकी मारली की झटका बसतो. दुसरी गोष्ट, नसलेला अवयव आहे असं वाटणं. त्यात दुखत नाही. बोटं हलतात, तळवा गार पडतो, मुंग्या येतात, खाज सुटते. खाज सुटते आणि खाजवायला जागा नसते, हे ऐकायला साधं वाटतं, पण त्यानं माणूस रडकुंडीला येतो. तिसरी गोष्ट, त्या नसलेल्या अवयवातच दुखणं: आग, ठणका, पेटके, करंट बसल्यासारखी कळ. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून आजही मी आधी स्टंप उघडून, चारी बाजूंनी दाबून बघते. सगळं काही फँटमच्या खात्यावर टाकलं, तर एखादी चिघळलेली जखम सुटून जाते.

या दुखण्याची नोंद जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समधला लष्करी सर्जन आंब्रवाझ पारे यानं लिहून ठेवलं की हात-पाय कापलेले सैनिक कितीतरी काळानंतर त्याच कापलेल्या भागात दुखत असल्याचं सांगतात. 'फँटम लिंब' हे नाव मात्र १८७१ मध्ये आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियात शेकडो जखमी सैनिकांवर उपचार केलेले डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी ते दिलं. त्याआधी पाच वर्षं, १८६६ मध्ये, त्यांनी दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेल्या एका सैनिकाची गोष्ट एका मासिकात निनावी छापली होती. लोकांना ती खरी वाटली आणि त्या काल्पनिक सैनिकासाठी त्यांनी पैसे गोळा केले. मला ही हकिकत महत्त्वाची वाटते. हे दुखणं इतकं चमत्कारिक आहे की ते सर्वांसमोर पहिल्यांदा आलं तेही कथेच्या रूपात. आमच्या वॉर्डातल्या काकांना तर तेवढीही सोय नव्हती.

नंतर काही वर्षांनी कडबाकुट्टीत उजवा हात गेलेला एक शेतकरी माझ्याकडे आला. पस्तिशीचा, दोन म्हशी, दीड एकर ऊस. हात कोपराखाली चार बोटं अंतर ठेवून काढला होता. जखम छान भरलेली. पण सात महिने तो माणूस धड झोपला नव्हता. त्याच्या नसलेल्या हाताची मूठ वळलेली होती. मशीननं हात ओढला त्या क्षणी जशी आवळली गेली, तशीच. "मॅडम, नखं तळव्यात रुतल्यात बघा. मूठ सोडायला बघतोय, पर सुटत न्हाई." हे सांगताना त्याची डावी मूठही आपोआप आवळली जात होती आणि कपाळावर घाम येत होता.

दुखणं किती, हे विचारायला आम्हाला शून्य ते दहाची पट्टी शिकवलेली. आमच्या भागातल्या माणसांना ती पट्टी उमगत नाही. मी विचारलं, "रुपयात किती आणे?" तो लगेच म्हणाला, "चौदा आणे. रात्री सोळा."

त्याचे वडील बरोबर आलेले. ते गप्प होते. तो आत गेल्यावर मला म्हणाले, "माझंच चुकलं, बाई. हात मीच पुरला, मळ्याच्या कोपऱ्यात. मूठ तशीच वळल्याली हुती. सरळ करायचं सुचलं न्हाई. आता देवरुशी म्हणतोय, उकरून सरळ करा." कापलेला अवयव वाकडा पुरला म्हणून दुखतो, ही समजूत परदेशांतही सापडते. पण ती मळ्याच्या त्या कोपऱ्यापुरती आली की तिचं ओझं एका बापाच्या डोक्यावर बसतं. मी त्यांना म्हटलं, "आबा, मूठ मळ्यात वळलेली नाही. ती त्याच्या मेंदूत वळलेली आहे. तिथली आपण सोडवू."

मग मी दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. आपल्या मेंदूच्या पृष्ठभागावर सगळ्या शरीराचा नकाशा असतो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड या सर्जननं १९३०च्या दशकात, जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करत करत तो शोधून काढला. इथे स्पर्श केला की रुग्ण म्हणतो ओठ, तिथे केला की म्हणतो अंगठा. त्या नकाशात हाताला आणि चेहऱ्याला जागा भरपूर असते, आणि दोघे एकमेकांचे शेजारी असतात. हात जातो, पण नकाशातली त्याची जागा जात नाही.

शेतकऱ्यानं चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी जमीन धरणात गेली, पर सातबाऱ्यावर नाव आमचंच."

इतक्या वर्षांत मी ऐकलेलं याहून नेमकं वर्णन नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना असंच समजावते.

पुढे तो म्हणाला, "एक सांगू का? सलूनमध्ये दाढी करताना गालावर वस्तरा फिरला की उजव्या अंगठ्यावर फिरल्यागत वाटतं. हे मी कुणालाच सांगितल्यालं न्हाई." मी उठून कापूस आणला आणि त्याला डोळे मिटायला लावून उजव्या गालावर हलकेच फिरवला. तो चटकन म्हणाला, "अंगठा." हनुवटीजवळ आले तर म्हणाला, "करंगळी." वडील तोंड उघडं टाकून बघत राहिले.

ही गोष्ट जगापुढे आणली ती आपल्याच माणसानं. विलयनूर रामचंद्रन हे चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत स्थायिक झालेले मेंदूतज्ज्ञ. १९९०च्या दशकात त्यांनी हात गेलेल्या एका तरुणाच्या गालाला कापसाची काडी लावली आणि त्यानं ती आपल्या नसलेल्या हाताला लागत असल्याचं सांगितलं. आमच्या भाषेत सांगायचं तर शेजाऱ्यानं बांध कोरला. हाताची जमीन पडीक दिसली आणि गालानं तिच्यात नांगर घातला.

हा बांध कोरल्यामुळेच दुखतं का? १९९५ मध्ये जर्मनीतल्या हेर्टा फ्लोर यांच्या गटाला आढळलं की शेजारचा भाग जितका जास्त सरकलेला, तितकं दुखणं जास्त. २०१३ मध्ये ऑक्सफर्डमधल्या टमार मकिन यांच्या गटाला मात्र दिसलं की दुखणाऱ्या माणसांच्या मेंदूत गेलेल्या हाताचा नकाशा चांगलाच शाबूत आहे. शास्त्रज्ञांचा हा वाद चालू आहे. मला रुग्णांकडे बघून दोन्ही खरं वाटतं. बांध कोरला गेलाय आणि खातंही जुन्याच नावावर आहे. त्यातच कापलेल्या नसा खालून खोटे निरोप पाठवत राहतात.

यातली फार बोलकी नोंद १९५६ची आहे. मारियान सिमेल या संशोधिकेनं कुष्ठरोगाच्या रुग्णांना त्यांच्या बोटांबद्दल विचारलं. ज्यांची बोटं वर्षानुवर्षं हळूहळू झिजत गेली होती, त्यांना ती नसलेली बोटं जाणवत नव्हती. पण झिजून उरलेलं बोट शस्त्रक्रियेनं काढलं, की नसलेलं बोट जाणवायला लागे. हळूहळू जातं त्याचा फेरफार मेंदूच्या दप्तरी होत राहतो. एका झटक्यात गेलं, की नोंद अडकून पडते.

मूठ सोडवायला आम्ही आरसा आणला. रामचंद्रन यांनीच काढलेली ही युक्ती आहे आणि तिला खर्च नाही. मी दुकानातून बुटांचा मोठा खोका आणला, वरचं झाकण काढलं आणि मधोमध आरसा उभा केला. आरशाच्या मागे स्टंप, पुढे चांगला हात. पुढच्या बाजूनं वाकून बघितलं की डाव्या हाताचं प्रतिबिंब बरोबर उजव्या हाताच्या जागी दिसतं. दोन्ही हात शाबूत असल्यासारखे. मी त्याला घड्याळ काढायला लावलं, मनगटातला गंडा सोडायला लावला. गेलेल्या हातात जे नव्हतं ते चांगल्या हातातही नको. नाहीतर डोळे फसत नाहीत.

"आता डावी मूठ वळा. उजवी आत वळलेलीच आहे. आरशात बघा. दोन्ही सारख्या दिसतात का? आता दोन्ही एकदम उघडा. घाई नको."

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी त्यानं दात आवळले. मी म्हटलं, श्वास सोडत उघडा. चौथ्या की पाचव्या वेळी त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ झाली, आरशातही झाली, आणि तो एकदम गप्प झाला. मान वर केली नाही. आरशातल्या तळव्याकडे बघतच म्हणाला, "सुटली." मग पुन्हा म्हणाला, "आबा, सुटली मूठ." आबा खोक्याच्या मागे जाऊन स्टंपकडे बघून आले. परत येऊन त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

गोष्ट इथेच संपवता आली असती तर बरं झालं असतं. रात्री मूठ परत वळली. ती वळतेच. मेंदूची जुनी सवय एका बैठकीत मोडत नाही. त्याच्या बायकोनं घरच्या कपाटाचा आरसा उतरवून खोक्यात बसवला आणि रोज सकाळी म्हशींचं झाल्यावर पंधरा मिनिटं तो त्याच्यासमोर बसू लागला. महिन्याभरानं आला तेव्हा मी विचारलं, किती आणे? "चार. थंडीत सहा." २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गेलेल्या सैनिकांवर असाच प्रयोग झाला. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. काहींना उघडा आरसा दिला, काहींना झाकलेला, काहींना डोळे मिटून नुसती कल्पना करायला सांगितली. उघड्या आरशाच्या गटातल्या सहाच्या सहा जणांचं दुखणं कमी झालं. माणसं थोडी होती, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आरशाला इतकं यश आलेलं नाही. पण पंधरा मिनिटं आणि एक आरसा एवढाच खर्च असलेला उपाय करून न बघणं मला पटत नाही.

आरसा सगळ्यांना लागू पडत नाही, हे मला एका आजींनी शिकवलं. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला, तीन महिने घरी आणि दवाखान्यात ड्रेसिंग चाललेलं. पाऊल इतकं सुजलं की शेजारच्या बोटातलं चांदीचं जोडवं मांसात रुतलं. वॉर्डात ते कटरनं तोडून काढावं लागलं होतं. त्यानंतर पाय गेला. आणि पाय गेल्यावर आजी सांगायच्या, "जोडवं रुततंय गं."

सून ओशाळायची. "जोडवं माझ्या डब्यात आहे आत्या, मी स्वतः ठेवलंय." आजी म्हणायच्या, "तुझ्या डब्यात हाय ते तुटल्यालं. पायातलं तसंच हाय."

आजींना काही भ्रम झालेला नव्हता. अवयव जाण्याआधी जे दुखत होतं, पुष्कळदा तेच पुढे नसलेल्या अवयवात दुखत राहतं. त्यासोबत अंगठी, घड्याळ, पट्टी अशा वस्तूही जाणवत राहतात. जोएल कॅट्झ आणि रोनाल्ड मेलझॅक यांनी १९९० मध्ये याला वेदनेची आठवण म्हटलं आहे. आजींच्या मेंदूनं तीन महिन्यांचा तो त्रास जोडव्यासकट जपून ठेवला होता.

मी आरसा मांडला. ठरल्या पद्धतीप्रमाणे डाव्या पायातलं जोडवं आधी काढून घेतलं. आजींनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "हा माझा पाय न्हाई. माझ्या पायात जोडवं हाय. हा कुणा दुसरीचा हाय." मी चूक ओळखली, जोडवं पुन्हा घातलं. मग त्यांनी बघितलं, ओळखलं, आणि त्या जे रडायला लागल्या ते थांबेनात. "झाका ते. परत दावू नका." मी झाकलं. परत कधी दाखवलं नाही.

मग आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. जखम पूर्ण भरल्यावर सुनेनं रोज दोनदा स्टंप चोळायचा: आधी कापसानं, मग मऊ सुती फडक्यानं, मग टॉवेलनं. पुढे ज्वारीच्या टोपलीत स्टंप घालून हळूहळू फिरवायचा. मेंदूला त्या भागाकडून रोज खरे, सरळ निरोप मिळू लागले की खोट्या निरोपांचा जोर कमी होतो. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं बांधून सूज उतरवली. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची गोळी सुरू केली. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी ही औषधं कुणाला उतार देतात, कुणाला नुसती गुंगी आणतात; म्हणून ती डॉक्टरांच्याच हातून, कमी मात्रेनं सुरू व्हायला हवीत. आणि चार महिन्यांनी तालुक्याच्या शिबिरात आजींना जयपूर फूट मिळाला. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला हा रबरी पाय. मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, चिखलात चालता येतं. तो घालून चालायला लागल्यावर आजींचं दुखणं सगळ्यात जास्त उतरलं. मेंदूला त्या जागी वजन घेणारा पाय पुन्हा मिळाला.

एक दिवस त्या व्यायामाला आल्या तेव्हा रबरी पायाच्या दुसऱ्या बोटात जोडवं होतं. सोनारानं तोडलेलं सांधून दिलेलं, थोडं सैल. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "आता रुतत न्हाई."

आजींना कशामुळे उतार पडला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. गोळी, टॉवेल, ज्वारी, जयपूर फूट, जोडवं, की सुनेनं रोज दोनदा हातात घेतलेला तो स्टंप. पण एक मला नक्की कळलं. नसलेला पाय कसा आहे हे त्या माणसालाच माहीत असतं. तो वळलेला आहे की सरळ, गरम की गार, त्यात बूट आहे की जोडवं. कुणाला तो आखूड होत होत स्टंपमध्ये शिरल्यासारखा वाटतो, म्हणजे पाऊल थेट गुडघ्याला चिकटल्यासारखं. हे विचारून घेतल्याशिवाय उपचार सुरू करता येत नाही. आणि विचारलं नाही तर माणूस आपण होऊन सांगत नाही, कारण त्याला वाटतं लोक वेड्यात काढतील.

म्हणून आता मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात जाते. कुठल्या नियमात ते लिहिलेलं नाही, पण सर्जन मला निरोप पाठवतात. मी रुग्णाजवळ बसते आणि सांगते: "उद्या पाय काढतील. शुद्धीवर आल्यावर तुम्हाला तो पाय आहे असंच वाटेल. बोटं हलवावीशी वाटतील. रात्री उठताना त्या पायावर उतरायला जाल आणि पडाल, म्हणून पहिले काही आठवडे पलंगाशेजारी खुर्ची उभी करून ठेवा. कदाचित तो दुखेलही. दुखला तर मला सांगा, सिस्टरांना सांगा, घरी सांगा. हे होणारच असं नाही, पण झालं तर ते खरं आहे आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे." पाच मिनिटं लागतात. नातेवाइकांनाही मी तिथेच बसवते, कारण "पायच नाही तर दुखेल कसा" हे वाक्य घरात सगळ्यात आधी त्यांच्याच तोंडून निघतं. माझ्या तोंडूनही निघालं होतं.

ऑपरेशनआधी पाय दुखत राहिला असेल, तर नंतर दुखण्याची शक्यता वाढते. शुगरच्या माणसानं पायाची छोटी जखमही त्याच दिवशी दाखवावी, यामागे पाय वाचवणं हे कारण तर आहेच. पण पाय गेलाच, तरी मागे दुखणं कमी उरावं हेही एक कारण आहे.

कंडक्टर काका त्यानंतर सात वर्षं जगले. दर सहा महिन्यांनी येत, अंगठ्याची बातमी देत. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. पूर्ण गेलं नाही ते. पण टॉवेलचा बोळा तोंडात घालायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही. काकूच उठून दिवा लावायच्या आणि विचारायच्या, आज कुठलं बोट?

तुमच्या घरात, गल्लीत, भावकीत कुणाचा हात किंवा पाय गेला असेल, तर त्याला एकदा नीट बसून विचारा की कुठे दुखतंय. तो कदाचित सांगेल, अंगठा दुखतोय. त्या वेळी पांघरुणाच्या सपाट जागेकडे बघू नका. त्याच्या तोंडाकडे बघा, आणि पुढचा प्रश्न विचारा.